इंजिनातला आकडा

सोलापूर, ३ सप्टेंबर १९७९

चि. रुद्रप्पास, अव्वाचे पोटभर आशीर्वाद.

व्हय, तेच खेळण्यातलं इंजिन हाय, तुझ्या अप्पांचं हिरवं. मंगळवार बाजारातनं आणलेलं. म्हातारं हाय, हळू उघड.

तुझं पत्र दोनदा वाचलं तवा डोक्यात शिरलं. आतापतुर रुळात वीज सोडली की दोन्ही इंजिनं संगंच पळायची. आता पोटात तुझं डिजिटल सर्किट बसवणार, अन् ज्याचा आकडा पुकारशील तेवढंच हालणार. म्हंजी शाळेतली हजेरीच की! अप्पा व्हते तवाच हे यायला पायजे व्हतं. धा हाका मारल्याबगर बाजंवरनं हालत नव्हते.

तुझं अक्षर असं का आलंय रं? टांग्यात बसून लिवलंस का? तुझी पाटी मास्तर वर्गभर फिरवायचे. खरं काय ते लिव.

म्हातारीची आठवण ठेव.
तुझी अव्वा

पुणे, ११ सप्टेंबर १९७९

ती. अव्वास शि. सा. न. वि. वि.

इंजिन उघडलं, पण पहिलं सर्किट जळालं. जुन्या इंजिनात मोटारीचं एक टोक लोखंडी अंगाला जोडलेलं असतं. ते सोडवल्याशिवाय नवं सर्किट टिकत नाही. मी सोडवलं होतं, तरी जळालं. मग चाकामागे केसांचा आकडा सापडला. तुटलेल्या तारेच्या जागी वाकवून बसवलेला, आणि त्याचं टोक लोखंडी अंगाला टेकत होतं. शेवटच्या दिवाळीत बंद पडलेलं इंजिन अप्पांनी चालू केलं होतं, ते असं! एवढ्याशा फटीत एवढं बारीक काम. काय हात होता!

अक्षराचं विचारलंस. अव्वा, माझा उजवा हात हल्ली थरथरतो. कारखान्यात तारा डाख देऊन जोडायच्या कामावरून काढून मला मालाच्या खोलीत बसवलंय. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला होतं का? मी इंजिनाची गोष्ट सांगितली, आमच्या वडिलांचा हात सत्तरीतही पक्का होता म्हणून. ते म्हणाले, मग अशक्तपणा असेल. टॉनिक दिलंय. हेमावतीला सांगितलेलं नाही. तूही काळजी करू नकोस.

लोभ आहेच, तो असाच राहो.
तुझा रुद्रप्पा

सोलापूर, १५ सप्टेंबर १९७९

चि. रुद्रप्पास, आशीर्वाद.

एवढा शिकलास अन् आईचा आकडा वळखला न्हाईस? किती वर्सं माझ्या अंबाड्यात व्हता. तू आता आकड्यावर इंजिन चालवणार, आमचं कवाच चाललंय की!

टॉनिक ऱ्हाऊ दे. उद्याच्या उद्या त्याच डाक्तरकडं परत जा. हेमावतीला संगं ने. बायकोपासनं हात लपवता येत न्हाई, मला म्हाईत हाय. कसं म्हाईत ते इचारू नगंस.

जिवाला जप. माया हाय तशी ऱ्हाऊ दे.
तुझी अव्वा

सही केली, पाकीट चिकटवायला घेतलं, पण हात म्होरं जाईना. तुला सांगणार न्हाई म्हणून अप्पांनी माझ्याकडनं वचन घेतलं व्हतं. ते आज मोडते. त्या दिवाळीत त्यांच्या हातात पेचकससुद्धा ऱ्हात नव्हता. रडले अन् दुपारचे झोपले. उठल्यावर इंजिन पळालं, तर आपणच केलं म्हणून गल्लीभर सांगत फिरले. मी फिरू दिलं.

डाक्तरला सांग, घरात व्हतं. आकडा मी बसवला, रुद्रप्पा. तुझ्या अप्पांचा हात तुझ्यासारखाच थरथरायचा.