डोळ्यातले सकाळचे धुके

ज्याच्या कृपेने अंधारातून रूप उमलते आणि थकलेल्या हाताला शब्द सुचतो, त्या जगन्नियंत्याला प्रथम वंदन.

प्रिय बाळा,

दुपार कलल्यावर लिहायला बसलो आहे, कारण सकाळी मला कागदच दिसत नाही. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला आतून पेशींचा एक पातळ थर असतो. तो अखंड पाणी उपसतो, म्हणून पडदा काचेसारखा राहतो. माझा मोतीबिंदू काढताना डोळ्याच्या आत जे औषध सोडले, त्यात ते बाटलीत टिकावे म्हणून घातलेले रसायन होते. तसले औषध डोळ्यात वरून थेंबभर घालायचे असते. आत गेले आणि त्या पेशी मेल्या. त्या पुन्हा उगवत नाहीत. झोपेत पापण्यांआड पाणी साचते, उठल्यावर दाट धुके असते आणि दिवस चढेल तसे ते विरते. दुसरा डोळा तर तुझ्या जन्माआधीच गेलेला. हे सारे डॉक्टरीणबाईंनीच मला समोर बसवून सांगितले. “आजोबा, बाटली मी वाचायला हवी होती. चूक माझीच,” म्हणाल्या. तू दारात उभा होतास.

तू सलाइनचा लोखंडी स्टँड उचललास. पहिला घाव कपाटाच्या काचेवर, दुसरा त्यांच्या डोक्यावर. त्या कोसळल्या, तेव्हा त्यांचा उजवा हात पायाखाली दाबून “माझ्या बापाचा डोळा घालवलास ना? मग हा हात कशाला हवा तुला?” म्हणत तू मारत राहिलास. हाडे मोडताना मी ऐकली. माझ्या सदऱ्यावर रक्त उडाले. “अरे, मरेल ती!” म्हणत मी तुझ्या कमरेला मिठी मारली, तू मला भिंतीवर भिरकावलेस. त्यांची दोन बोटे कापावी लागली. डोक्यावरच्या घावाने त्यांना त्या दिवसातले काहीच आठवत नाही. खोलीत तिसरा मीच होतो.

काल तुझे वकील आले होते. “काका, धुक्यात कोण मारत होते ते दिसले नाही, एवढेच म्हणा. पोरगा सुटेल.” तुझी आई म्हणाली, “एकदा खोटे बोललात, तर तुमचा देव काही रुसून घर सोडून जायचा नाही.” ती रडत होती. पण बाळा, ती वेळ संध्याकाळची होती. धुके विरले होते. तुझ्या कपाळावरची तट्ट फुगलेली शीरसुद्धा मला दिसली. जन्मभर शास्त्रे वाचली, ती काय नुसते ओठ हलवण्यासाठी?

गुरुवारी कोर्टात मी खरे तेच सांगणार आहे. पण साक्ष सकाळची आहे. मारणारा कोण ते दाखवा, असे विचारतील, तेव्हा आरोपी कुठला आणि शिपाई कुठला हे मला कळणार नाही. बापाला धुक्यात बोटाने चाचपडायला लावू नकोस. “बाबा, मी इथे आहे,” एवढे तूच म्हण. त्यासाठीच हे पत्र. मग तुला जिथे ठेवतील तिथे मी भेटायला येईन, संध्याकाळीच येईन, म्हणजे तुझे तोंड नीट दिसेल.

तुझाच,
बाबा

हे पत्र तुझ्याआधी तुरुंगाचे साहेब उघडतील. त्यांचे, तुझे, त्या बाईंचे आणि ज्यांच्या ज्यांच्या दृष्टीस ही वाकडी अक्षरे पडतील, त्या सर्वांचे डोळे निर्मळ राहोत. कोणाचाही हात कोणावर न उठो.