बारकीला बंदुकांच्या शेडात नेऊ नका

मी शुद्धीत आहे, डोकं ठिकाणावर आहे, फक्त दम पुरत नाही. कोणी जबरदस्ती केलेली नाही. शाळा चौथीपर्यंत, म्हणून चुका पोटात घाला. छातीचा फोटो बघून डॉक्टरांनी लगेच भरती व्हायला सांगितलं, तेव्हा मी घाबरले, म्हणून हे मृत्युपत्र लिहिते.

टीव्हीवर ती अंतराळातल्या लढाईची मालिका लागते ना, तिच्या बंदुका आमच्या शेडात झाल्या. साच्यातून निघालेली बंदूक मी पॉलिशपेपरनं घासायची, ताई, माझी थोरली बहीण, रंग मारायची, कडांना चंदेरी हात फिरवून जुनी करायची. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंद. सगळी भुकटी आमच्या छातीत. सैनिकांचे मुखवटे भिंतीला टांगलेले, पण ते नुसते दिखाऊ. आम्ही ओढणी बांधायचो.

त्या बंदुकांतून काही सुटत नाही, गोळीचा उजेड मागाहून कॉम्प्युटरवर भरतात. शूटिंगला बंदुका पोचवायला गेलो की बघायचो, नट तोंडानंच 'ढिश्क्यांव' करायचे. डायरेक्टर म्हणायचा, "अरे, तोंड मिटून मारा की." आम्ही पोट धरून हसायचो. आता हसलं की खोकला येतो.

शिलाई मशीन ताईला. भांडीकुंडीही तिलाच.

मालकाला काही नाही. मास्क मागितले तर म्हणाला, "बाई, बंदुका खोट्या आहेत, तुम्ही कशाला मरताय?" माझ्या मयताला त्यानं येऊ नये.

नायिकेची एक फुटकी बंदूक घरी आहे. मालिका लागली की माझी लेक बारकी नायिकेला सोडून बंदुकीकडं बोट करते, "आईची." पण तोंडात घालते. ती बंदूक पुरून टाका, जाळू नका, धूर वाईट.

बारकीचा बाप ती पोटात असताना सोडून गेला. त्यानं हक्क सांगू नये. बारकी ताईची. ताईनं तिला शाळेत घालावं, शेडाच्या दारात उभी करू नये.

हे ताईला वाचून दाखवलं. म्हणाली, "वेडी आहेस का गं? कुठं चाललीस तू?" मग मोरीत गेली, नळ सोडला आणि खोकत बसली. मला ऐकू येऊ नये म्हणून नळ. तरी आलं.

म्हणजे बारकीला सांभाळायला ताईच्या खाली अजून एक नाव पाहिजे. सकाळपासून आठवतेय. शेडाबाहेर आमचं कोणी नाही. ती ओळ कोरी सोडून सही करते.

सही: बारकीची आई

साक्षीदार, माझ्यासमोर सही करणारे:
१. साचेवाले काका
२. रंग कालवणारी मावशी (अंगठा)

ठिकाण: शेडामागची आमची खोली
तारीख: सोमवार, उद्या दवाखान्यात भरती