बैठकीच्या भिंतीचा रंग ओळखून मिळणेबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष साहेब,
तंटामुक्ती समिती,
मौजे साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली.

विषय : बैठकीच्या भिंतीची पाहणी करणे व पाहणीस माझ्या पत्नीस हजर ठेवणेबाबत.
संदर्भ : आपल्याशी पारावर झालेले बोलणे, जे आपण हसण्यावारी नेले.

महोदय,

१. दिवाळीआधी बैठकीला रंग द्यावा यावर अर्जदार व पत्नी सौ. मनकर्णा यांचे एकमत होते. रंगावर नव्हते. तिने बदामी म्हटले, अर्जदाराने बिस्किटी. बदामी भिंत ओल धरल्यासारखी दिसते, असे अर्जदाराचे म्हणणे. बिस्किटी भिंतीत दवाखान्यात बसल्यासारखे वाटते, असे तिचे.

२. पेंटर सलमान यांनी दोन्हींचे पट्टे शेजारी शेजारी ओढून खाली पेन्सिलने नाव व नंबर लिहिले. मग आम्ही दोघांनी शेजारच्या पारुबाईंपासून वीजबिल वाटणाऱ्यापर्यंत जो येईल त्यास भिंतीपुढे उभे केले. सर्वांनी चहा घेतला व दोन्ही चांगले आहेत असे सांगून वाद वाढवला. शेवटी "तुला रंगातलं काय कळतं," असे अर्जदाराच्या तोंडून गेले. पत्नी त्याच दुपारी हट्टा येथे माहेरी निघून गेली.

३. ती येईल या आशेने अर्जदाराने बैठक झाडून पुसून काढली. त्यात पेन्सिलीचे लिहिणेही पुसले गेले. आता तिचाच रंग द्यावा म्हटले, तर तो कोणता हे समजत नाही. सकाळी डावा बदामी वाटतो, दिवा लावला की उजवा. दुकानदार म्हणतो, बदामीत पुष्कळ प्रकार आहेत, नंबर आणा. सलमान यांना नंबर आठवत नाही.

४. नाइलाजाने पत्नीस फोन केला. तिने एवढेच विचारले, "वळखू येत न्हाई, तं तुमी भांडून राहिले व्हते काहून?" घरात अजिबात करमत नाही, हेही येथे नमूद करतो.

५. तरी समितीने भिंतीची पाहणी करावी व रंग ओळखणारी एकमेव साक्षीदार म्हणून सौ. मनकर्णा हिला लेखी बोलावणे धाडावे. अर्जदाराच्या शब्दावर ती येणार नाही, समितीचा कागद मात्र मोडणार नाही. निकाल तिच्या बाजूने द्यावा, अर्जदाराची हरकत नाही. फक्त तो लगेच देऊ नये. पाहणी जमेल तितकी लांबवावी, म्हणजे साक्षीदारास घर सोडून जाता येणार नाही.

आपला नम्र व सध्या एकटाच,
(सही)
विश्वंभर सटवाजी ढोबळे
दि. ६ ऑक्टोबर २०२५

सोबत : दोन्ही पट्ट्यांचा फोटो (फोटोत पट्टा एकच दिसतो).