आर्मासच्या गोळ्या

१० जून १९७४

गावच्या इस्पितळात परिचारिकेच्या नोकरीचा पहिला दिवस, आणि मी खूश आहे. माझ्या खोलीतून नदी दिसते. वरच्या जंगलातून सोडलेले ओंडके एकमेकांना ढुसण्या देत समुद्राकडे चाललेले असतात. मुख्य परिचारिका हिल्क्का हिने दारातच कॉफी आणि वेलदोड्याचा गोड पाव हातात ठेवला. म्हणाली, इथे डास सोडले तर कुणी चावत नाही. बारा खाटांचा वॉर्ड, आणि डॉक्टर एकच, डॉ. लाहेला, सत्तावीस वर्षं इथेच. त्यांनी माझं नाव दोनदा विचारलं, इर्या म्हणून सांगितलं, तरी तिसऱ्यांदा ‘पोरी’च म्हणाले. पडदे जाड आहेत. उत्तरेकडच्या या उन्हाळ्यात रात्रीही सूर्य मावळत नसला तरी झोप लागेल.

१३ जून

न्यूमोनियाचा नवा रुग्ण, आर्मास पेसिओ. नदीतून ओंडके वाहवणाऱ्या कामगारांच्या टोळीतला, पन्नाशीचा, मोठ्या पंजांचा. त्याने आपणहून सांगितलं, “सिस्टर, खोटं कशाला बोलू, रोजची एक बाटली. परवापासून थेंब नाही.” पाणी पिताना पेला दातांवर वाजत होता.

मी शिकले त्या इस्पितळात अशा, दारू अचानक सुटलेल्या रुग्णाची नाडी, घाम, थरथर दर तासाला बघायचो. तो शांत होईपर्यंत डायझेपाम हे गोळीतलं शामक द्यायचं, मग हळूहळू कमी करायचं, शिवाय जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक, पुरे. पिताना मजा वाटली ना, मग उतरताना जरा कळू दे. हिल्क्का खिडकीबाहेर बघत राहिली.

१४ जून

नाडी एकशे तीस. भिंतीतून ओंडके गडगडत अंगावर येताहेत म्हणून आर्मास पाय पोटाशी घेऊन बसलाय. मला विचारलं, “गोळ्या आहेत ना तुमच्याकडे? मग देत का नाही?” मी माझ्या जबाबदारीवर दोन दिल्या. तासाभरात तो झोपला, लहान मुलासारखा.

डॉक्टरांनी बाटलीतल्या गोळ्या मोजल्या आणि कपाटाची किल्ली आपल्या कोटाच्या खिशात टाकली. दया घरी ठेवून कामावर यायचं, असं मला सगळ्या वॉर्डासमोर सुनावलं.

१५ जून

पहाटे आर्मासला आकडीचा झटका आला. मग ताप, मग आरडाओरडा. डॉक्टरांच्या हुकुमावरून मनगटांना कॅनव्हासचे पट्टे बांधले. पट्टे मीच आवळले. औषधाचं कपाट त्याच्या खाटेपासून सहा पावलांवर. किल्ली खिशात घालून डॉक्टर मासे धरायला गेलेले.

दुपारी दोन वाजता, लख्ख उन्हात, आर्मास गेला.

मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरांनी लिहिलं न्यूमोनिया. फक्त न्यूमोनिया. मी त्याला आंघोळ घातली. मनगटांवरचे वळ धुऊन जात नाहीत.

१९ जून

जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीला डॉक्टरांविरुद्ध तक्रारीचं पत्र लिहिलं. हिल्क्का सही करत नाही. तिची दोन्ही बाळंतपणं डॉक्टरांनी केली, आणि ते गेले तर या गावात दुसरं कोण येणार, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, मग त्याला न्यायला आली होती ना, त्या आर्मासच्या बहिणीला हे जाऊन सांग. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. पत्र एकटीच्या सहीने टाकलं. राग उतरत नाही. जेवताना घास चावते तो रागानेच.

२२ जून

उन्हाळ्याच्या सणाची होळी पेटली, आणि नदीच्या धक्क्यावर पाय घसरून डॉक्टरांनी मांडीचं हाड मोडून घेतलं. तिघांनी उचलून आणलं. रिकामी खाट एकच होती, आर्मासची. दारूबद्दल विचारलं, तर म्हणाले, सणाचा एक पेला. तसंच लिहिलं. त्यांच्या कोटातली किल्ली आता माझ्याकडे आहे. बदली डॉक्टर बुधवारी येणार, तोवर फोनवर.

२४ जून

पेला दातांवर वाजतोय. डॉक्टरांच्या.

हिल्क्काने आता तोंड उघडलं. ते वॉर्डात आणायचे त्या थर्मासात कित्येक वर्षांत कॉफी नव्हती, दारू होती, रोज तीच विसळायची. तिला ठाऊक होतं! मी हसले. ती दोन पावलं मागे सरली.

बदली डॉक्टरांचा फोन आला: शांत होईपर्यंत तासाला दोन गोळ्या. मी गोळ्यांचा कप त्यांच्यापुढे ठेवला, पाणी ओतायला वळले. कप रिकामा. डॉक्टर शपथेवर सांगतात, घेतल्या नाहीत. तोंड उघडून बघितलं. खरंच नाहीत. पुन्हा ठेवल्या. पुन्हा रिकामा.

खाटेच्या पायथ्याशी उभ्या माणसाला हलव, डॉक्टर म्हणतात. मनगटं सोललेला. मला कुणी दिसत नाही.

२५ जून, सकाळ

दिसला.

आर्मास. पट्टे लोंबताहेत. हात पुढे— गोळ्या मागतोय, बाकी काही नाही. चेहऱ्यावर राग नाही. सगळा राग माझ्याकडेच—

मी डॉक्टरांच्या गोळ्या त्याच्या तळव्यावर ठेवल्या. दोन्ही. भान ठेवून.

दुपार

डॉक्टरांना आकडीचा झटका आला. हिल्क्का किल्ली मागते. वॉर्डाचं दार मी आतून लावलंय— ती धडका देतेय, शिव्या घालतेय, रडतेय—

डॉक्टर म्हणतात, पोरी, दे. नाव अजून आठवत नाही त्यांना.

कप भरलाय. दोन हात पुढे आलेत. एक थरथरतोय. दुसरा— दुसऱ्याला घाई नाही. मी कप त्या दुसऱ्या हाताकडे—