आईचा डबा आणि आमची रक्ताची पावडर

ती. स्व. मामा,

शि. सा. नमस्कार. (पत्रात 'तुम्ही' लिहावं म्हणतात, पण मग तुला हे पत्र दुसऱ्याच कुणाचं वाटेल.) गुडघा कसा आहे? इकडे आईचं ऑपरेशन येत्या गुरुवारी ठरलंय. रक्त लागणारच, आणि तिचा गट दुर्मिळ. रक्तपेढीत नाही, घरात तो तुझ्या एकट्याचा. डॉक्टरांनी हे सांगताच ती म्हणाली, "त्याचं नको." आजीच्या शिलाई मशीनवरून झालेलं भांडण अजून ताजंच आहे. (मशीन चालवता तुम्हा दोघांनाही येत नाही, ही गोष्ट वेगळी.)

बरं, उपायही तिनेच काढला. माझी कंपनी रक्ताची पावडर करते हे तिने साऱ्या गल्लीला सांगून ठेवलंय. अपघाताच्या जागीच पाण्यात कालवायची आणि कुठल्याही गटाच्या माणसाला द्यायची, असा आमचा बेत. तेव्हा काल मातोश्री घरचा स्टीलचा डबा घेऊन थेट प्रयोगशाळेत! साहेबांपुढे डबा ठेवून म्हणाल्या, "दोन माणसांपुरती द्या, कमी पडायला नको." धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं. साहेब भला माणूस. खुर्ची दिली, समजावलं, की अजून ही फक्त सशांना देऊन पाहिलीय. "सशांना सोसते, मग मी काय त्यांच्याहून नाजूक?" आईशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालंय?

शेवटी साहेबांनी तिला मोठा फ्रीज उघडून दाखवला. आत मुदत टळलेल्या रक्ताच्या पिशव्या. पावडर आम्ही त्यातूनच काढतो; म्हणजे आधी कुणीतरी हात पुढे केलेला असतोच. आई बराच वेळ बघत राहिली. कुणाकुणाचं आहे, तिने विचारलं. ते आम्हालाही कळत नाही, साहेब म्हणाले. रोज तिथे वावरून हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, मामा. मी पिशवीवरची तारीख तेवढी वाचते.

परतताना बसमध्ये ती रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली होती. मग हळूच म्हणाली, "तो दर वर्षी रक्त देतो ना गं? त्यातली एखादी पिशवी त्याची असेल?" असेलही, म्हटलं. मला हसू येत होतं आणि रडूही.

मामीला नमस्कार सांग.

तुझी भाची

ता. क. बुधवारीच ये. तिने हो म्हटलेलं नाही, पण नाही म्हणणं थांबवलंय.

ता. क. आणखी एक. पाकीट चिकटवताना तिने पत्र हिसकावून वाचलं. आपण तुझ्याशी अजून बोलत नाही, हे स्पष्ट लिही म्हणाली. आणि उपाशीपोटी रक्त द्यायला बसू नकोस म्हणावं, लहानपणापासून तुला चक्कर येते आणि तू कुणाला सांगत नाहीस.