कंपनीच्या नावची सायकल

२४ सप्टेंबर, बुधवार

"तू चांगली आहेस, पन तुले चांगलं वागाले पाह्यनारं कोनी लागते." मोठ्या जाऊबाई म्हणाल्या होत्या, मेडशीच्या घरी, भाकरी थापता थापता. लग्नानंतरचा पहिलाच उन्हाळा. तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते नीट. आज सायकलच्या दुकानात एकदम आठवलं.

निळी घेतली. पुढे टोपली, मागे कॅरिअर, गिअरवाली. घर ते आमची मसाल्याची शेड, रोज सायकलने जाणार. डॉक्टर म्हणाले साखर काठावर आहे, पण डॉक्टर निमित्त. शाळेत मैत्रिणींच्या सायकली मागून मागून चालवल्या. स्वतःची कधीच नव्हती.

बिल कंपनीच्या नावाने. सीएंनी सांगितलं, "घ्या ना मॅडम. फक्त स्वतःसाठी म्हणू नका, कामगारांच्या ये-जासाठी म्हणा." दुकानदाराने विचारलं कोणाला पाहिजे, तर मी तेच म्हणाले. आमच्या कामगार बायकांसाठी. तो खूश. "असे मालक आता कुठं भेटतात, ताई!" घंटी फुकट लावून दिली.

मी ती घंटी घेतली.

घरी सुधीरला सांगितलं. नवरा हसला. "आपलीच कंपनी, आपलीच सायकल. त्यात काय एवढं?" बरोबर आहे. काय एवढं.

२९ सप्टेंबर, सोमवार

सायकल शेडमध्ये मिरचीच्या पोत्यांमागे, प्लास्टिक न काढता. खंडेनवमीला पूजा करून बाहेर काढायची असं ठरवलंय. बायकांना अजून काही बोलले नाही. का बोलले नाही? सांगण्यासारखं काही नाही म्हणून. की आहे म्हणून.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

नीट लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

सकाळी शेड धुतली, झेंडूच्या माळा. आमच्याकडे रीत अशी पडलीय की जी जे चालवते तिने त्याची पूजा करायची, आणि मग वर्षभर ते तिचं. शांताबाईंना विचारल्याशिवाय चक्कीला कोणी हात लावत नाही, मीसुद्धा नाही. पाकिटं सील करायचं मशीन रुखमाचं. संगीता मिरच्यांचे देठ खुडते, हळद निवडते, तिला मशीन नाही. ती दरवर्षी सुपाला कुंकू लावते आणि सगळ्या तिला हसतात. तीही हसते.

मी सायकल पुढे आणली. प्लास्टिक काढलं. एकदम गलका.

"आगं माय! कोनाची वं?"

मी म्हणाले, कंपनीची आहे. मला वाटलं होतं, माझ्यासाठी आहे हे आपोआप कळेल.

शांताबाईंनी सरळ ताट उचलून संगीताच्या हातात दिलं. "घे. सूप ठेव बाजूले. तू टेसनावरून पायी येतं, ही तुयी."

संगीता जऊळक्याहून गाडीने येते. स्टेशन ते शेड चालत, संध्याकाळी चालत परत. एखाद्या दिवशी माल निघायला उशीर झाला की गाडी चुकते, मग एसटीची वाट पाहत बसते.

तिने माझ्याकडे पाहिलं. "ताई, खरंच?"

सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मी म्हणाले, "हो गं. मग काय तर."

तिने हँडलला कुंकू लावलं, टोपलीत झेंडू ठेवला, चाकाखाली लिंबू. वाकून नमस्कार केला, सायकलला आणि मग मला. पेढे वाटताना रुखमा म्हणाली, "पाह्यलं का, आपल्या ताई बोलत नाहीत, करून दाखोतात." मला खाली पाहावं लागलं. त्यांना ते विनय वाटलं.

सुधीर संध्याकाळी पोट धरून हसला. "बिलात लिहिलंस तेच झालं की!"

४ ऑक्टोबर, शनिवार

सं.ला सायकल येतच नाही. सकाळी स्टेशनच्या स्टँडवरून हातात धरून आणते, संध्याकाळी हातात धरून नेते. कॅरिअरवर सगळ्यांचे डबे. सीटवर जुनी ओढणी बांधलीय, ऊन लागू नये म्हणून. सीटला.

"बसत काहून नाही?" शांताबाई.

"ओळख तं होऊ द्या तिची न् मायी!"

मी म्हणाले, मी शिकवते. सगळ्यांसमोरच म्हणाले.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काम संपल्यावर शेडमागे, जिथे हळद वाळत घालतो तिथे. ती साडी खोचून बसली, मी मागून सीट धरली. शांताबाई दारात उभ्या राहून ओरडत होत्या, "समोर पाह्य! चाकाकडं काय पाह्यतं, पळून जाऊन राह्यलं का ते!" सं. हसू लागली की हँडल हलतं. दोघी धापा टाकत. मजा आली, हे खोटं नाही. तिच्या केसांना मिरचीचा वास येतो. किती वर्षं एकत्र काम करतोय आणि आज पहिल्यांदा इतक्या जवळ.

ती स्टेशनकडे निघाली तेव्हा मात्र मी सायकलच्या पाठीकडे पाहत राहिले. तिच्या नव्हे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

आज शांताबाई लवकर गेल्या. रुखमाही. आम्ही दोघीच.

तिसऱ्या फेरीला तिचा तोल आला. हाताला कळतं ते. सीट एकदम हलकी होते, जणू तुमची गरज संपली. फक्त सोडायचं होतं. ती कोपऱ्यापर्यंत गेली असती, वळलीही असती कदाचित.

मी सोडलं नाही. सीट माझ्याकडे ओढली. किंचित. कोणाला कळलं नसतं इतकी.

ती पडली. गुडघा सोलवटला, बांगडी फुटली. मी पळत जाऊन उचललं, पाणी आणलं, हळद लावली. आणि म्हणाले, अगदी मायेने म्हणाले, "राहू दे गं. सगळ्यांनाच जमतं असं नाही."

ती हसली. "मायं डोकंच जड हाय ताई. तोल जाते."



११ ऑक्टोबर, शनिवार

सं.ने सायकल धुऊन आणली. ओढणी सोडून घडी करून पिशवीत टाकलेली. "तुमीच चालवा ताई, पडून राह्यली तं गंजन."

मी एकदा नको म्हणाले. एकदाच.

१५ ऑक्टोबर, बुधवार

सायकलने जाते रोज. मिळाली. वारा लागतो, पाय दुखतात. चौकातला किराणावाला म्हणतो, "मॅडम, फिटनेस!" मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, आई, फोटो पाठव. पाठवला नाही.

आज स्टेशनच्या रस्त्यावर पुढे सं. दिसली, पाठमोरी, भरभर चालत. गाडी गाठायची असणार. मी ब्रेक दाबला आणि बाजूच्या गल्लीत वळले. तरी तिने पाहिलंच. मागून आवाज आला, "ताई, जमली बाप्पा तुमाले!" आवाजात काही नव्हतं. कौतुकच होतं. तेच सहन झालं नाही. गल्ली पुढे बंद निघाली. ती निघून जाईपर्यंत मी एका भिंतीशी सायकल धरून उभी राहिले.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीच्या सुट्टीनंतर आजपासून काम सुरू. सं. फराळाचा डबा घेऊन आली. चकल्या. मग चहाच्या वेळी बाजूला येऊन सांगितलं, शनिवारपर्यंत येते, मग बंद करते. दिवाळीआधी माल जास्त होता, तेव्हा चार वेळा गाडी चुकली. घरी पोचायला अंधार. सासू म्हणते, कायले जातं मंग, वावरातच काम कर.

"पन मले हे काम आवडे, ताई." आवडे. आत्ताच भूतकाळात गेलं.

ऑटोचे पैसे देते म्हणाले.

"सगळ्याईले देसान का? मंग मलेच कायले?"

मग सायकल परत घे म्हणाले. तिने मान हलवली. "मले नाही जमत. तुमीच तं पाह्यलं ना."

हो. मीच पाहिलं. माझ्याशिवाय कोणी नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सुधीरला सगळं सांगितलं. तो आधी हसायच्या तयारीत होता, मग हसला नाही. म्हणाला, "तिला सांगून काय होणार? तुला हलकं वाटेल, तिला वाईट. त्यापेक्षा पगार वाढव थोडा."

त्याचं म्हणणं चूक नाही. पण ती उरलेलं आयुष्य स्वतःचं डोकं जड आहे असं मानून काढणार. आणि ते मी तिला दिलंय.

सायकल आज घरीच ठेवली. चालत गेले.

३० ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं.

सगळ्या जेवायला बसल्या तेव्हा तिला हाक मारून शेडमागे नेलं. तयारी करून गेले होते, सगळी वाक्यं उलटी आली. आधी म्हणाले, तुझं डोकं जड नाही. तिला कळेना. मग म्हणाले, तू पडली नाहीस, मी ओढलं. सायकल मी माझ्यासाठीच घेतली होती, तुमच्या सगळ्यांसमोर नाही म्हणता आलं नाही.

ती जमिनीकडे पाहत होती. पायाने हळदीचं एक कांड सरकवत. मग म्हणाली, "सांगतलं असतं तं मी पूजाच केली नसती, ताई. मायं सूप होतंच ना."

मी माफी मागितली. ती म्हणाली, "असू द्या." आणि माझ्याकडे न पाहता, "मी घरी सगळ्याईले सांगतलं होतं, मले येत नाही म्हनून. पोरगी हसली होती."

मग आत जाऊन मिरच्यांशी बसली. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. इतरांशी नेहमीसारखी. शांताबाईंनी विचारलं, "काय झालं वं?" तर म्हणाली, "काई नाही, तिखट गेलं डोयात."

माझी बाजू तिने सांभाळली. हे मला नको होतं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या तिचा शेवटचा दिवस.

सायकल शेडवर नेऊन ठेवली. हवा भरली. मी वर केलेली सीट खाली केली, तिचे पाय टेकतील इतकी. शांताबाईंनाही सांगितलं, सगळं. त्या रागावतील वाटलं होतं. त्यांनी फक्त चक्की बंद केली, माझ्याकडे बघितलं, पुन्हा चालू केली.

जाताना मात्र दारात थांबल्या. "थे आता बसन का पन?"

मला वाटतं, नाही बसणार. मी तिच्या जागी असते तर बसले नसते. राहावं म्हणून विचारणार नाही, सायकल घे म्हणूनही नाही. तो हक्क मला नाही. सीट शांताबाई धरतील. मी फाटकापाशी, लांब. मागायचं एवढंच आहे. ती नको म्हणेल, कदाचित हसून म्हणेल, आणि ते जास्त लागेल.

तरी विचारणार. संगीता, जायच्या आधी एक फेरी मार ना.