लिसिमाकोचं फूल

२३ ऑक्टोबर

संपलं! यादिरानं निकालाचा कागद टेबलावर ठेवला. माझ्याकडे बघेचना. "बाई, डीएनए जुळला. आपलं ऑर्किड वेगळं नाहीच. रस्त्याकडेच्या झाडांवर वाढतं, तेच ते."

मीच शिकवलेली पोर. बोट ठेवायला जागा ठेवली नाही मेलीनं.

नियम मला पाठ आहे – एकाच जातीला दोन नावं पडली तर जुनं राहतं, नवं जातं. नवं म्हणजे मी माझ्या नवऱ्यावरून ठेवलेलं. लिसिमाकोचं.

२४ ऑक्टोबर

जेवले नाही. तपासायला तिला मीच पानाचा तुकडा दिला होता. फुलाला हात लावायचा नाही, असंही बजावलं होतं!

२६ ऑक्टोबर

हे फूल काढून परतताना तो कड्यावरून पडून गेला, त्याला एकोणीस वर्षं झाली. माणसांनी आधी त्याला खाली आणलं, मग त्याचं बोचकं. वर्तमानपत्रांत दाबलेली झाडं, सगळी भिजलेली. मी रडत रडत एकेक सोडवली, वाळवली, जाड कागदांवर शिवली. हे फूल एवढं एकच. साऱ्या इक्वेडोरमध्ये पुन्हा कुणाला मिळालं नाही.

त्या फुलाचा वळलेला ओठ, म्हणजे पुढची पाकळी, बघून मी छातीठोकपणे लिहिलं – डोंगर वर उठत गेले, ही जात पलीकडे अडकली, तिथल्या पराग नेणाऱ्या एका माशीपायी हळूहळू वेगळी झाली. केवढा निबंध! आता चुलीत घालू?

३० ऑक्टोबर

"नाव रद्द करायचा लेख तुम्हीच लिहा, बाई. परक्यानं लिहिण्यापेक्षा बरं," यादिरा म्हणाली. खरं आहे तिचं. म्हणूनच डोकं फिरतं.

एक ओळ लिहिली. खोडली.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. रीतीप्रमाणे जांभळी पेज आणि पावाच्या बाहुल्या घेऊन त्याच्या थडग्यापाशी गेलो. नणंद सोइला ओल्या फडक्यानं दगड पुसत होती. दगडावर त्या फुलाचं लॅटिन नाव कोरलंय. तिला वाचता येत नाही, पण अक्षरांवरून बोट फिरवते.

"माझा भाऊ वाया नाही गेला, वहिनी. रानातल्या झाडाला त्याचं नाव आहे!"

काय सांगू तिला? तुझा भाऊ गल्लोगल्ली वाढणाऱ्या झाडापायी मेला? नाही सांगवलं. मी भित्री आहे.

५ नोव्हेंबर

लेख झाला. उद्या पाठवायचा. त्याआधी ते फूल शिवलेला कागद एकदा डोळे भरून बघावा म्हणते.

६ नोव्हेंबर

भिंगाखाली धरला. फुलाचा देठ तुटका आहे. पान सुटं, वेगळं शिवलेलं – माझेच टाके! शिवत होते त्या दिवशी टेबलभर साऱ्या झाडांची गळलेली पानं पडली होती. त्यातलं हाताला लागलं ते मी त्याच्या फुलाशेजारी लावलं. यादिराला तपासायला दिला तो तुकडा याच पानाचा.

लेख फाडला. यादिराला फोन केला – आता तपासायला फूल घे. अख्खं लागलं तरी घे.